आपल्या फडातील पाखरे आणि फोरमनसाहेबांचा कॅमेरा



शेतकी विभागाचा लेख म्हटला की, आता लागणीची तारीख, बेणेप्रक्रिया नाहीतर खताचा हप्ता येणार हे आपण पान उलटण्याआधीच ओळखता. या खेपेस तसे नाही. म्हणजे अगदीच नाही असेही नाही. पाचटाचा विषय निघाला की आमची जीभ गप्प राहात नाही, तो पुढे येईलच. पण या अंकासाठी आम्ही घेतला आहे तो आपल्या मिल हाऊसमधून निवृत्त झालेल्या एका फोरमनसाहेबांचा छंद. गळ्यात कॅमेरा, डोक्याला मळकी टोपी आणि खांद्याला ज्वारीची पिशवी अशा वेषात त्यांना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नाव छापायचे नाही ही त्यांची अट आहे. "नाव छापलंत तर उद्या बारशाचे फोटो काढायला बोलावणी येतील," असे ते म्हणाले, आणि आपला भाग पाहता त्यात तथ्य आहे.

फिटर म्हणून लागलेला हा माणूस फोरमन होऊन निघाला. मध्ये तेहतीस गळीत हंगाम गेले. रोलर, पिनियन, कॅरियरची साखळी, उसाचे कटर यांच्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांची निवृत्ती कशी असते हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनाच ठाऊक. पहिला ऑफ सीझन बरा जातो, कारण ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंग सोडून दुसरे काही असते हे त्यांना प्रथमच कळते. पण ऑक्टोबर लागतो, बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळी पडते, आणि पहाटे चारच्या भोंग्याला हा गृहस्थ अंथरुणात उठून बसतो. कपडे घालून जायचे कुठे? फोरमनसाहेबांचे तसेच झाले. गेटपर्यंत जाऊन परत यायचे. घरच्यांनी सांगितले म्हणून किराणा दुकान टाकायचा विचार झाला, तोही मागे पडला. दुकान टाकायचे तर गिऱ्हाइकाचे ऐकू यायला पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच होती.

मिल हाऊसमध्ये काम करणाऱ्यांचे कान जातात ही गोष्ट आपण सगळे थट्टेवारी नेतो. त्यामागचे कारण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी जिथे ओरडून बोलावे लागते, तिथला आवाज कानाला अपायकारक असतो, असा साधा ठोकताळा आहे. असा आवाज वर्षानुवर्षे कानी पडला की कानाच्या आतील बारीक केसांच्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाव बहुधा सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासच्या आवाजाला बसतो. म्हणजे ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, ढोल ऐकू येतो, पण नातवाचे बोबडे बोल आणि भांड्यांची किणकिण धूसर होते. आणि नेमक्या याच पट्टीत आपली बहुतेक लहान पाखरे बोलतात. ज्या कामगारांची अजून नोकरी शिल्लक आहे त्यांनी कानात बोळे किंवा मफ वापरावेत हे आम्ही येथे लिहून ठेवतो. सेफ्टी खात्याने सांगून झालेले आहेच.

तर अशा माणसाने पाखरांचा नाद लावून घेतला. तोही मुद्दाम नव्हे. मुलाने स्वतःसाठी नवा कॅमेरा घेतला आणि जुना घरी ठेवला. लांबचे जवळ आणणारी, न बदलता येणारी भिंग असलेला तो कॅमेरा. एके दिवशी कंपोस्ट यार्डावर प्रेसमडच्या ढिगाऱ्यांवर शेपटी वरखाली करीत पळणारे पांढरे-करडे धोबी त्यांना दिसले. ते कुठून आले म्हणून विचारायला ते आमच्याकडे शेतकी ऑफिसात आले. आमची पदविका उसाची. तरी एवढे माहीत होते की हे धोबी हिवाळी पाहुणे आहेत, सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून येतात आणि मार्च-एप्रिलात परत जातात. हे ऐकून फोरमनसाहेब हसले. "म्हणजे सीझनल कामगारच की!" बॉयलर पेटला की हजर, पट्टा पडला की गावाकडे. तेव्हापासून आपल्याकडे धोबी पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला, याची ते नोंद ठेवू लागले.

आणि नोंद म्हणजे कशी? पाळीच्या लॉगबुकासारखी. जुन्या रजिस्टरात रकाने पाडलेले : तारीख, वेळ, गट, पीक, वारा, ऊन, पाखरू, किती, काय करीत होते, आणि शेवटी कॅमेऱ्याचे आकडे. पुष्कळ हौशी मंडळी फोटो काढतात, तो कुठला, केव्हाचा, हे मात्र चार महिन्यांनी त्यांनाच सांगता येत नाही. यंत्रावर आयुष्य काढलेल्या माणसाचा फायदा इथे दिसतो. त्यांना आकड्यांची भीती नाही. रोलरमधले अंतर किती ठेवले म्हणजे रस पुरा निघतो आणि बगॅस कोरडा पडतो, हे ज्याने हाताने बसवले आहे, त्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. बसलेल्या बगळ्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. तारेवरून झेप घेणाऱ्या वेड्या राघूला दोन हजारावाही कधी कधी अपुरा पडतो. उजेड कमी असेल तर वेग वाढवता येत नाही, वेग वाढवला तर चित्र काळे पडते किंवा त्यात दाणे उमटतात. एक वाढवले की दुसरे घटते, हे गणित त्यांना मिलनेच शिकवले होते.

एक गोष्ट मात्र त्यांना नव्याने शिकावी लागली. गायबगळा हिरव्यागार उसापुढे उभा असला म्हणजे कॅमेरा फसतो. भोवतीचा गडद रंग पाहून त्याला वाटते उजेड कमी आहे. तो जास्त उजेड घेतो आणि बगळ्याची पिसे जळून नुसता पांढरा ठिपका उरतो. म्हणून पांढऱ्या पाखराला उजेड एक पायरी कमी करायचा आणि कोतवालासारख्या काळ्याला थोडा वाढवायचा. "पांढऱ्यातसुद्धा पांढरं वेगळं असतं, आपल्या लॅबवाल्यांना विचारा," असे ते म्हणतात. एम-३० साखरेचा रंग पारखणारी माणसे हे चटकन मान्य करतील.

आता कान नसलेल्या माणसाला पाखरू सापडते कसे? बहुतेक पक्षिनिरीक्षक आधी ऐकतात आणि मग पाहतात. उसात तर हे फारच खरे, कारण आत काही दिसतच नाही. वटवट्या हे करडे, लांब शेपटीचे, अंगठ्याएवढे पाखरू आपल्या प्रत्येक प्लॉटात आहे, त्याची चिवचिव आम्ही रोज ऐकतो आणि कुणीही त्याकडे लक्ष देत नाही. फोरमनसाहेबांना ती ऐकूच येत नाही. पण वारा नसताना एखादेच पान हलले तर ते त्यांना दिसते. चालत्या मिलजवळ उभे राहून कुठला बोल्ट सैल झाला हे ते डोळ्यांनी आणि तळहाताने ओळखत असत. कान तेव्हाही कामाचे नव्हते. भारद्वाजाचा घुमारा तेवढा त्यांना स्पष्ट येतो, कारण तो खर्जातला. टिटवीही येते. बाकीच्यांसाठी सकाळी आमची पाहणी त्यांच्या फेरीशी जुळली तर आम्ही ऐकतो आणि बोट दाखवतो, ते पाहतात. असे आमचे दोघांचे मिळून एक पुरे माणूस होते.

पाखराजवळ जायची त्यांची रीत आपल्यालाही पटेल अशी आहे. माणूस सरळ चालून आला की पाखरू उडते. तोच माणूस तिरका, थांबत थांबत, दुसरीकडेच पाहात आला तर बसून राहते. बैल आणि ट्रॅक्टर यांना तर ती मुळीच भीत नाहीत. नांगरट चालू असताना फाळामागे चार हातांवर बगळे, साळुंक्या आणि कोतवाल कसे नाचतात हे आपण जन्मभर पाहिले आहे. ती हुमणीच्या अळ्या वेचीत असतात. फोरमनसाहेब बांधावर पोटावर पडतात, ज्वारी भरलेल्या पिशवीवर कॅमेरा टेकवतात (तिपाईपेक्षा ही पिशवी बरी, हवा तसा आकार घेते), आणि ट्रॅक्टर तीन फेऱ्या जाईपर्यंत बोट हलवीत नाहीत. त्यांच्या एका फोटोत बगळ्याच्या चोचीत हुमणीची अळी आडवी धरलेली आहे, तिचे तांबूस डोके आणि सहाही पाय मोजता येतात. हा फोटो आम्ही मोठा करून घेतला असून हुमणीच्या चर्चासत्रात तो दाखवतो. एवढ्या वर्षांत आमच्या भाषणाने जे झाले नाही ते त्या फोटोने थोडेसे झाले : उन्हाळी खोल नांगरट रात्री न करता दिवसा करावी, म्हणजे पाखरांना अळ्या मिळतात, हे काही सभासदांनी आपण होऊन सांगितले. अर्थात पाखरांवर सगळे सोडून चालणार नाही. वळवाचा पाऊस पडला की कडुनिंब आणि बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा करून मारणे, हे काम माणसाचेच आहे.

सुरुवातीला गावोगावी त्यांच्याविषयी शंका घेतली गेली, हेही सांगायला हवे. बांधावर पालथा पडून उसाकडे कॅमेरा रोखलेला माणूस म्हणजे कोण? एका वाडीत तर मोजणी आली, रस्ता जाणार, अशी आवई उठली आणि दहाबारा जण काठ्या घेऊन आले. "काय ओ, कुणाची जमीन धरताय?" फोरमनसाहेबांना निम्मे ऐकू आले नाही, त्यांनी हसून मान हलवली, त्यामुळे प्रकरण अधिकच तापले. आमच्या गट ओव्हरसियरने ओळख पटवली आणि शेवटी चहा झाला. आता त्याच वाडीतून निरोप येतात : "विहिरीवर सुगरणींनी खोपे बांधायला घेतल्यात, साहेबांना सांगा."

सुगरणीचे प्रकरण त्यांच्या सर्वांत आवडीचे. फिटर माणूस दुसऱ्या फिटरचे काम पाहतो तसे ते तासन्‌तास पाहतात. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या सर्वांच्या मनात खोपा विणते ती मादी; प्रत्यक्षात विणतो तो नर, पावसाळ्यात ज्याचे डोके आणि छाती पिवळीजर्द होते तो. तो उसाच्या किंवा गवताच्या पानाच्या कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो, आणि वीतभर ते हातभर लांबीची पट्टी सरळ फाटून येते. एका खोप्यासाठी त्याच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात आणि सुमारे अठरा दिवस लागतात. खोपा निम्मा, टोपासारखा झाला की तो थांबतो, पंख फडफडवून माद्यांना दाखवतो. एखादीने आत बसून, हिसके देऊन पाहून पसंत केला तरच पुढचे बोळकांडे विणतो. नाही तर ते काम तिथेच टाकून दुसरा खोपा सुरू. "म्हणजे ट्रायल घेतल्याशिवाय पुढचं बिल नाही," असे फोरमनसाहेबांचे भाष्य. विहिरीच्या एका काठावर खोपे आणि समोरच्या काठावर हे, असे सलग अठरा दिवस त्यांनी एकाच खोप्याचे रोज एक, असे अठरा फोटो घेतले आहेत. ते ओळीने लावून पाहिले म्हणजे मशीन ड्रॉइंग पाहिल्यासारखे वाटते. "आमच्या उसाची पानं फाडतंय," अशी तक्रार आमच्याकडे एकदा आली होती. त्या सभासदांना आम्ही एवढेच विचारले की, वाढे म्हणून आपण जनावरांना घालता त्याच्या मानाने ही पट्टी किती?

खोप्याजवळ जायचे नाही, फांदी वाकवायची नाही, फोटोला आड येते म्हणून पान तोडायचे नाही, हा नियम ते कटाक्षाने पाळतात, आणि तो निव्वळ भावनेचा नाही. मे महिन्यात टिटवी उघड्या रानात अंडी घालते. ऊन एवढे असते की ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. माणूस तिथे अर्धा तास उभा राहिला तर टिटवी बाजूला ओरडत राहते आणि अंडी उन्हात शिजतात. शिवाय माणूस कुठे वाकून पाहतो यावर कावळ्याची नजर असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, त्याप्रमाणे अंडी उचलणे हा गुन्हा ठरतो, हे पोराबाळांना सांगून ठेवावे.

आता पाचट. मागील एका उन्हाळ्यात एका सभासदांच्या फडात तोडणी होऊन पाचट पसरलेले होते आणि संध्याकाळी पेटवायचे ठरले होते. सकाळी फोरमनसाहेब तित्तिराच्या मागावर तिथे गेले आणि त्यांना पाचटाखाली खळगीत सहा अंडी दिसली. त्यांनी लांबून फोटो घेतला आणि थेट त्या सभासदांच्या घरी जाऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. आम्हालाही निरोप आला. तिथे जो वाद झाला तो आम्ही लपवून ठेवत नाही. सभासदांचे म्हणणे असे : पाचट ठेवले की उंदीर होतात, खोडव्याला पहिले पाणी द्यायला अडचण होते, मजूर मिळत नाही. "साहेब, सहा अंड्यांपायी माझा एक एकर खोडवा आडवून धरायचा व्हय?" प्रश्न वाजवी होता. फोरमनसाहेबांना बोललेले सगळे कळत नव्हते, पण तोंडावरून कळत होते. ते वाद घालीत बसले नाहीत. फोटो मोठा करून पुन्हा पुढे धरला, एवढेच. म्हातारी आई ओट्यावर बसली होती, तिने तो पाहिला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे की रं चार सऱ्या." चार सऱ्या राहिल्या. भोवतीचे पाचट ओढून पट्टा मोकळा केला आणि बाकीचे त्या संध्याकाळी पेटलेच.

तित्तिराची अंडी अठरा-एकोणीस दिवसांनी फुटतात. अकराव्या दिवशी खळगीत टरफले दिसली. पिल्ले निघाली असतील तर टरफलाचे टोपण साधारण गोल कापल्यासारखे सुटते. मुंगसाने खाल्ली असतील तर चुरा होतो. फोरमनसाहेबांनी टरफलांचा फोटो घेतला आहे. त्यांच्या मते चार अंडी नीट फुटली, आमच्या मते दोन. कॅमेरा यापलीकडे काही सांगत नाही.

त्या सभासदांनी पुढच्या वर्षी सबंध एकराचे पाचट ठेवले. आम्ही कौतुक करायला गेलो तर म्हणाले, "पाखरासाठी नव्हं. त्या चार सऱ्यांत वल टिकली, तवा ठेवलं." ठीक आहे, कारण कोणतेही असो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट आपण जाळतो, ते ठेवायचे असेल तर एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू एवढा खर्च धरावा. बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि पाचट सरीत दाबावे. उंदरांचा त्रास खरा आहे. पण जाळल्याने उंदीर बिळात जाऊन वाचतात, आणि त्यांच्यावर जगणारे गव्हाणी घुबड मात्र दुसरीकडे जाते. विषारी आमिष वापरणाऱ्यांनी मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत, बांधावर टाकू नयेत. घुबड अशुभ असते असे ज्यांना वाटते त्यांनी फोरमनसाहेबांचा एक फोटो येऊन पाहावा : जुन्या गोदामाच्या झरोक्यात घुबड, पायात उंदीर आणि मागे तीन पिल्ले तोंडे वासून.

गेल्या हिवाळ्यात निवृत्त कामगारांची एक जीप भिगवणला गेली होती, आम्हीही रजा टाकून बरोबर गेलो. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि कित्येकांच्या जुन्या काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आता हिवाळा सरत येतो तसे तेथे पाणी ओसरते, चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडतात आणि त्यावर रोहित पक्षी उतरतात. कुंभारगावचे मासेमारी करणारे होडीवाले पाहुण्यांना पाखरे दाखवतात आणि त्यांना पुस्तकातली नावेही पाठ झाली आहेत. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे, आम्ही तेथे प्रथम पाहिले. बरोबरीच्या एका निवृत्त पॅनमनच्या आईचे माहेर त्या पाण्याखालच्या गावातले. त्यांनी होडीतून बोट दाखवून, देऊळ इथे होते, असे सांगितले. फोरमनसाहेबांनी त्या दिशेचाही एक फोटो घेतला. त्यात पाणी आणि लांबवर गुलाबी रेघ याखेरीज काही नाही. तो त्यांनी पॅनमनला चौकट करून दिला.

ज्यांना हा नाद करून पाहायचा असेल त्यांना त्यांचे सांगणे थोडक्यात असे. फंडाचे पैसे हातात आले म्हणून पहिल्याच महिन्यात महागडी भिंग घेऊ नये. हाताला येईल त्या कॅमेऱ्याने एक हंगाम काढावा. सूर्य पाठीशी ठेवावा, सकाळी नऊच्या आत काम आटपावे, नंतर उन्हाची झळ चित्रात येते. पाखराच्या डोळ्यावर नेम धरावा. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडू नये, भिंगावर बुरशी चढते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. नावासाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' जवळ असावा. तो आमच्या ऑफिसात आहे, येथे बसून पाहता येईल, नेता येणार नाही.

फोरमनसाहेबांचे निवडक चाळीस फोटो गट ऑफिसांत पाळीपाळीने लावले जात आहेत. प्रत्येकाखाली गट, पीक आणि तारीख लिहिली आहे, शेतमालकाचे नाव विचारूनच घातले आहे. आपल्या रानात खोपा, घरटे किंवा रात्री घुबड दिसले तर स्लिप बॉयकडे चिठ्ठी द्यावी, दूरध्वनी करून उपयोग नाही. फोरमनसाहेबांना तो ऐकू येत नाही.